व्हायकिंगांना कोणी थोपवू का शकले नाही?

प्रश्न असा आला आहे: आठव्या-नवव्या शतकात युरोपात शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या, आजच्या फ्रान्स-जर्मनीवर पसरलेल्या साम्राज्यासारखी बलाढ्य राज्ये होती. तरी उत्तरेकडून, म्हणजे आजच्या डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडून, काही जहाजांतून येणाऱ्या व्हायकिंगांनी त्यांना अडीचशे वर्षे जेरीला कसे आणले? आणि सांगतात तितके ते खरेच क्रूर होते का?

मी महाविद्यालयात सत्तावीस वर्षे मध्ययुगीन युरोप शिकवला. उत्तरपत्रिकांत या प्रश्नाचे ठरलेले उत्तर यायचे: ते रानटी होते, मरणाला भीत नव्हते, म्हणून जिंकले. या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. समोरासमोरच्या लढाईत व्हायकिंग बरेचदा हरले आहेत. ८७१ मध्ये इंग्लंडात अ‍ॅशडाउनला हरले, ८८१ मध्ये फ्रान्समधल्या सोकूरला हरले, ८९१ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या डील नदीकाठी तर त्यांची दाणादाण उडाली. मैदानात इतक्या वेळा मार खाऊनही जे टिकून राहतात, त्यांचे बळ कुठे तरी दुसरीकडे असते. माझ्या मते ते तीन ठिकाणी होते: उथळ पाण्यात, वेळ साधण्यात आणि समोरच्यांच्या भाऊबंदकीत.

आधी एक छोटा प्रसंग सांगतो, कारण त्यात पुढचे बरेच काही दडलेले आहे. ७८९ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडला तीन जहाजे लागली. राजाचा अंमलदार बेआदुहर्ड जवळच्या डॉर्चेस्टरहून मोजकी माणसे घेऊन घोड्यावरून तिकडे गेला. आलेले लोक व्यापारी असतील असे त्याला वाटले. नियमाप्रमाणे त्यांना राजाच्या गावी नेऊन हजर करावे, म्हणून तो हुकमाच्या भाषेत बोलू लागला. त्यांनी त्याला आणि त्याच्या माणसांना जागीच ठार केले.

बेआदुहर्ड मूर्ख नव्हता. उत्तरेकडची जहाजे त्या किनाऱ्याला नवीन नव्हती. कातडी, लोकर, वॉलरसचे सुळे, अंबर घेऊन ती माणसे येत, विकत, निघून जात. व्यापारासाठी आलेल्या जहाजात आणि लुटीसाठी आलेल्या जहाजात किनाऱ्यावरून बघून फरक करता येत नसे, कारण कित्येकदा जहाज तेच आणि माणसेही तीच असत. ‘व्हायकिंग’ हे कुठल्या जातीचे किंवा जमातीचे नाव नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत ‘व्हायकिंगला जाणे’ म्हणजे समुद्रावर लुटीच्या मोहिमेला जाणे. घरी त्यांची शेती होती, गुरे होती, लेकरे होती. व्यापाराच्या फेऱ्यांत त्यांनी बघून ठेवले होते की कुठल्या मठात चांदी आहे, कुठे पहारा नाही आणि जत्रा कधी भरते.

८ जून ७९३ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली. शाळेच्या पुस्तकांत व्हायकिंग युग इथून सुरू होते. लिंडिसफार्न हे भरती-ओहोटीचे बेट आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येते, भरतीला रस्ता बुडतो. भिक्षूंनी ती जागा जगापासून दूर म्हणून निवडली होती. जमिनीकडून बघितले तर ती दूरच होती, पण समुद्राकडून बघणाऱ्याला ती अगदी दारात होती. शार्लमेनच्या दरबारातला विद्वान अल्क्विन याला ही बातमी कळली, तेव्हा समुद्रातून असा हल्ला होऊ शकेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते, अशा अर्थाचे त्याने लिहिले. ७९५ मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर पहिली धाड पडली, ८०२ मध्ये पुन्हा, आणि ८०६ मध्ये तिथे ६८ माणसे मारली गेली. दुसऱ्याच वर्षी आयर्लंडमध्ये आत केल्स येथे नवा मठ उभारायला सुरुवात झाली.

मठच का लुटले, याचे कारण धर्मद्वेष नसावे असे मला वाटते. त्या काळी उत्तर युरोपात बँका नव्हत्या, मोठी शहरेही थोडी. सोन्या-चांदीची भांडी, रत्ने जडवलेल्या पोथ्या, दानात आलेला पैसा, साठवलेले धान्य आणि निःशस्त्र माणसे, हे सगळे एका जागी मठातच सापडे. आयर्लंडमधले ख्रिस्ती राजेही एकमेकांच्या आश्रयातले मठ लुटत. मन्स्टरचा राजा फेदलिमिड याने ८३३ मध्ये क्लोनमॅकनॉइजच्या मठाची जमीन जाळली, तिथली माणसे मारली. पण इतिहास लिहिणारे भिक्षूच होते, आणि आपल्या माणसाने केलेल्या पापापेक्षा परक्या मूर्तिपूजकाने केलेले पाप त्यांच्या लेखणीतून जास्त गडद उतरले.

आता जहाजाकडे येतो. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण उत्तराचा अर्धा भाग इथेच आहे.

१८८० मध्ये नॉर्वेत गोकस्टाड येथे एका दफनाच्या टेकाडात जवळजवळ अखंड जहाज सापडले. साधारण ८९० च्या आसपास बांधलेले. लांबी २३ मीटरच्या थोडी वर, रुंदी पाच मीटर, वल्ह्यांच्या सोळा जोड्या. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना काही कळत नाही, म्हणून मी मैदानावर फक्कीने त्या जहाजाची बाह्यरेषा आखून घेत असे आणि बत्तीस मुलामुलींना जोडीजोडीने आत बसवत असे. बसल्यावर पहिला शब्द यायचा, “सर, एवढंच?” हो, एवढेच. डोक्यावर छप्पर नाही, झोपायला फळ्या, आणि उत्तर समुद्र. मग मी एका मुलाला उभे करून त्याच्या कमरेशी हात ठेवायचो आणि सांगायचो, भरलेले जहाज तरंगायला एवढे पाणी पुरते. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डच्या खाडीत १९६२ मध्ये पाच जहाजे बाहेर काढली. त्यांतल्या सुमारे १७ मीटरच्या छोट्या युद्धनौकेला तर मांडीभर, साधारण साठ सेंटिमीटर पाणी पुरे होते.

हे साधले कसे? ओकचे सरळ खोड पाचरी ठोकून मधून उभे चिरायचे, मग पुन्हा पुन्हा चिरत फळ्या काढायच्या. करवत वापरली की लाकडाचे धागे तुटतात. पाचरीने चिरलेल्या फळीत धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतो. त्यामुळे जेमतेम इंचभर जाडीची फळीही लाटेचा मार सोसते. या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक किंचित चढवून लोखंडी रिव्हेटांनी जोडायच्या, फटीत डांबरात भिजवलेले केस भरायचे. आधी बाहेरचे कवच, मग आतल्या फासळ्या. असे जहाज हलके होते आणि लाटेबरोबर थोडे वाकते. लोकरीचे चौकोनी शीड लावले की समुद्र ओलांडते, डोलकाठी उतरवून वल्ही घेतली की नदीत शिरते. धक्का लागत नाही, बंदर लागत नाही. वाळूवर चढवा, उतरा, लुटा, पाण्यात ढकला.

त्या काळच्या राजाची अडचण आता लक्षात येईल. सैन्य गोळा करायचे म्हणजे सरदारांना निरोप, सरदारांनी आपापल्या कुळांना बोलावणे, शिधा बांधणे, मग पायी किंवा घोड्यावर कूच. त्यात आठवडे जात. धाड काही तासांत आटोपत असे. राजा पोहोचेपर्यंत राखसुद्धा थंड झालेली असे. आणि सेन, लवार, ऱ्हाइन, टेम्स, ट्रेंट या नद्या देशाच्या पोटात शिरतात. समुद्रापासून लांब राहणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजत होता. तो सुरक्षित नव्हता.

स्वित्झर्लंडमध्ये सांक्ट गालेनच्या ग्रंथालयात लॅटिन व्याकरणाची एक पोथी आहे, नवव्या शतकात आयरिश भिक्षूंनी नकललेली. समासात कोणी तरी चार ओळींची कविता लिहिली आहे. आज रात्री वारा कडक आहे, समुद्राचे पांढरे केस उडवतो आहे, म्हणून आज उत्तरेच्या उग्र योद्ध्यांची भीती नाही, असा तिचा आशय. वादळ आले म्हणून निर्धास्त झोपणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

वेळ साधण्याबद्दल काही तारखा बघा. फ्रान्समधले नॉन्त शहर त्यांनी २४ जून ८४३ रोजी, संत जॉनच्या सणाच्या दिवशी लुटले आणि तिथल्या बिशपला मारले. ८४५ मध्ये पॅरिसला ते ईस्टरच्या सुमारास पोहोचले. यॉर्क पडले ते १ नोव्हेंबर ८६६ रोजी, सर्व संतांच्या सणाला. दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजावर चिपनहॅमला झडप घातली ती ८७८ च्या जानेवारीत, नाताळचे बारा दिवस नुकतेच उलटल्यावर, जेव्हा कोणी लढाईची अपेक्षा करत नाही. सणाला गावात माणसे जमलेली, चर्चमधली मौल्यवान भांडी बाहेर काढलेली, पहारेकरी सुस्तावलेले. त्यांना ख्रिस्ती पंचांग पाठ होते.

आणि भाऊबंदकी. शार्लमेनचा मुलगा लुई ८४० मध्ये वारला आणि त्याची तीन मुले वारशावरून एकमेकांवर तुटून पडली. जून ८४१ मध्ये फोंतनॉय येथे फ्रँक सरदारांची एक पिढी आपसांतच कापली गेली. त्याच वर्षी थोरला भाऊ लोथार याने आजच्या नेदरलँड्समधले वाल्खरेन बेट हाराल्ड नावाच्या डॅनिश सरदाराला देऊन टाकले. बापाविरुद्धच्या भांडणात या हाराल्डने लोथारच्या बाजूने किनाऱ्यावर लूटमार केली होती, तिचे हे बक्षीस. तिथल्या ख्रिस्ती लोकांवर ज्यांनी अत्याचार केले त्यांनाच त्यांच्यावर मालक करून बसवले, असा संताप तेव्हाच्या इतिवृत्तकाराने नोंदवला आहे. घरचा माणूसच दार उघडून देत असेल तर तटबंदी काय करणार?

८४५ ची पॅरिसची हकीकत यापुढचीच. १२० जहाजे सेन नदीतून वर आली. धाकटा भाऊ, राजा चार्ल्स, याने सैन्य दोन भाग करून नदीच्या दोन्ही काठांवर ठेवले. व्हायकिंगांनी एका काठावरच्या लहान तुकडीवर सगळी ताकद घातली, ती मोडली, आणि १११ कैदी दुसऱ्या तुकडीच्या डोळ्यांदेखत फासावर दिले. शेवटी चार्ल्सने सात हजार पौंड चांदी मोजून त्यांना परत पाठवले. पुष्कळ जण त्याला भेकड म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच्याशी निष्ठा बदलणारे सरदार होते, भाऊ टपलेले होते. लढून सैन्य गमावले असते तर राज्यच गेले असते. त्याने चांदी देऊन वेळ विकत घेतला. चूक झाली ती त्या वेळेचा उपयोग जवळजवळ वीस वर्षे न करण्यात.

८६४ मध्ये पीत्र येथून चार्ल्सने फर्मान काढले. नदीवर तटबंदीचे पूल बांधा, म्हणजे जहाजे वर येणार नाहीत, हा विचार अगदी अचूक होता. त्याच फर्मानात आणखी एक कलम आहे: चिलखत, शस्त्र किंवा घोडा जो कोणी या उत्तरेच्या लोकांना विकेल त्याला देहदंड. हे कलम मी वर्गात दोनदा वाचून दाखवत असे. कायदा मुद्दाम करावा लागतो तेव्हा ती गोष्ट सर्रास चालू असते. लुटणाऱ्यांच्या हातात फ्रँक तलवारी होत्या, आणि त्यांतल्या काही रोख पैसे मोजून घेतलेल्या होत्या.

पूल काय करू शकतो हे नोव्हेंबर ८८५ मध्ये पॅरिसला दिसले. काउंट ओडो आणि बिशप गोझलाँ यांनी मूठभर माणसांनिशी बेटावरचे शहर आणि दोन पूल महिनोन्‌महिने लढवले. सम्राट चार्ल्स (८४५ चा राजा चार्ल्स नव्हे, त्याचा पुतण्या) मोठे सैन्य घेऊन आला आणि न लढता ७०० पौंड चांदी देऊन त्यांना पुढे बर्गंडी लुटायला मोकळे केले. पॅरिसकरांनी तरीही पुलाखालून वाट दिली नाही. व्हायकिंगांना जहाजे नदीबाहेर काढून जमिनीवरून ओढत न्यावी लागली. दोन वर्षांत त्या सम्राटाची गादी गेली आणि पश्चिमेकडच्या राज्यावर ओडो बसला. लोकांना कळत होते कोण कामाचा आहे ते.

इंग्लंडात गोष्ट वेगळी वळली. ८६५ मध्ये आलेले सैन्य हंगाम संपल्यावर परत गेलेच नाही. पूर्व अँग्लिया या इंग्लंडातल्या राज्याने तह करून त्यांना घोडे दिले आणि पाण्यावरचे लोक जमिनीवरही वेगवान झाले. दर हिवाळ्याला नवा मुक्काम. ८७२-७३ चा मुक्काम ट्रेंटकाठी टॉर्कसीला होता. तिथल्या शेतांतून अरबी दिरहमांचे तुकडे, वजने, तोडलेली चांदी आणि शिशाच्या सोंगट्या निघाल्या आहेत. हिवाळाभर माणसे चांदी तोलत होती, व्यवहार करत होती, डाव मांडून बसत होती. पुढचा हिवाळा रेप्टनला. तिथे चर्चजवळ किमान २६४ माणसांची हाडे एकत्र सापडली. कार्बन कालमापनाने त्यातली काही हाडे जास्त जुनी दिसत होती, म्हणून बरीच वर्षे वाद चालला. ही माणसे मासे खूप खात असल्याने मापन फसत होते, हे ध्यानात घेऊन २०१८ मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा सगळी हाडे त्याच काळाची ठरली. ८७६ च्या नोंदीत अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त म्हणते की त्यांनी उत्तरेकडच्या नॉर्थंब्रिया राज्याची जमीन वाटून घेतली आणि नांगरू लागले. अकरा वर्षांत धाड घालणाऱ्यांचे शेतकरी झाले.

वेसेक्सचा आल्फ्रेड चिपनहॅमहून निसटून अ‍ॅथेलनीच्या दलदलीत लपला आणि त्याच वर्षी मे महिन्यात एडिंग्टनला त्याने व्हायकिंग म्होरक्या गुथ्रुमच्या सैन्याचा पराभव केला. लोक या विजयाचे गोडवे गातात. मला त्याचे पुढचे काम जास्त मोठे वाटते. त्याने आणि त्याच्या मुलाने राज्यभर तीसएक तटबंदीची ठाणी उभारली, बहुतेक एका दिवसाच्या चालीत दुसरे ठाणे लागेल अशी. त्यांचा हिशेब लिहिलेला कागद टिकून आहे. हाइड म्हणजे साधारण एका कुटुंबाला पुरेल अशी जमीन, सारा ठरवण्याचे माप. दर हाइडमागे एक माणूस, आणि दर साडेपाच यार्ड तटामागे चार माणसे. विंचेस्टरला २४०० हाइड लावून दिले होते. म्हणजे २४०० माणसे, म्हणजे ३३०० यार्ड तट. विंचेस्टरचा जुना रोमन तट प्रत्यक्ष मोजला तर ३३१८ यार्ड भरतो. अकराशे वर्षांपूर्वी कोणी तरी दोरी घेऊन तो तट मोजला, माणसे मोजली आणि मेळ घातला. सैन्यही दोन पाळ्यांत विभागले, निम्मे घरी शेतीवर, निम्मे हातात शस्त्र घेऊन.

परिणाम? ८९२ मध्ये मोठे सैन्य पुन्हा आले, चार वर्षे भटकले, कुठेच पाय रोवता आले नाहीत. ८९६ मध्ये ते फुटले. ज्यांच्याजवळ काही होते ते उत्तरेत आणि पूर्वेत वसले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी जहाजे मिळवून सेन नदीचा रस्ता धरला. फ्रान्समध्ये ९११ च्या सुमारास राजाने रोलो या सरदाराला सेनच्या मुखाजवळचा प्रदेशच देऊन टाकला आणि नॉर्मंडी जन्माला आली. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणून राजाची थट्टा होते, पण रोलोच्या लोकांनी त्या मुखातून मोठी धाड पुन्हा आत येऊ दिली नाही.

दहाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात सगळे परत सुरू झाले, आता राजांच्या पातळीवर. ९९१ मध्ये मॉल्डनच्या पराभवानंतर दहा हजार पौंड खंडणी दिली; इतिवृत्तातले आकडे वाढत १०१२ मध्ये ४८,००० आणि १०१८ मध्ये इंग्लंड जिंकलेला डॅनिश राजा क्नूट याच्यासाठी ७२,००० पौंडांपर्यंत गेले. हा पैसा गेला कुठे? स्टॉकहोमच्या उत्तरेला ओर्केस्टाच्या चर्चजवळ एक शिळा उभी आहे. तिच्यावर रून लिपीत कोरले आहे की उल्फने इंग्लंडात तीनदा खंडणी घेतली; पहिली टोस्टी या म्होरक्याने वाटून दिली, मग थोरकेलने, मग क्नूटने. एक शेतकरी तीनदा समुद्र ओलांडून गेला, वाटा घेऊन घरी आला आणि हे आपले आयुष्यभराचे कर्तृत्व म्हणून दगडावर राहिले.

क्रौर्याचा प्रश्न उरला. शिंगांचे शिरस्त्राण तर आधी मनातून काढून टाका. ते एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीचे आहे. लढाईतले क्रौर्य म्हणाल तर शार्लमेनने ७८२ मध्ये फर्डन येथे ४५०० सॅक्सन कैद्यांची एका दिवसात मुंडकी उडवल्याचे त्याच्याच इतिवृत्तात आहे. त्या काळात हात सगळ्यांचेच रक्ताळलेले होते. व्हायकिंगांचे खरे क्रौर्य माणसे विकण्यात होते. चांदी एकदाच लुटता येते. माणसे दरवर्षी सापडतात. ८२१ मध्ये डब्लिनजवळच्या हाउथहून मोठ्या संख्येने बायका पकडून नेल्याची आयरिश नोंद आहे. ८४१ मध्ये व्हायकिंगांनी डब्लिनला जहाजांचा तळ टाकला आणि तो पुढे पश्चिम युरोपातला गुलामांचा मोठा बाजार झाला. डब्लिनला, स्वीडनमधल्या बिर्काला, आजच्या उत्तर जर्मनीतल्या हेडेबीला लोखंडी बेड्या सापडल्या आहेत. आइसलँडच्या आजच्या लोकांची जनुके तपासली तेव्हा तिथे वसलेल्या पहिल्या पुरुषांपैकी बहुतेक नॉर्वेकडचे, तर बायकांपैकी निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडच्या निघाल्या. त्यांतल्या काही लग्न करून गेल्या असतील. बऱ्याच बांधून नेलेल्या होत्या.

स्टॉकहोमच्या राजग्रंथालयात आठव्या शतकातली सोन्याने लिहिलेली बायबलची एक पोथी आहे. तिच्या एका पानाच्या समासात इंग्लंडमधल्या आल्फ्रेड नावाच्या एल्डरमनने, म्हणजे मोठ्या सरदाराने (राजा आल्फ्रेड वेगळा), आणि त्याची बायको वेरबुर्ग हिने नवव्या शतकात लिहून ठेवले आहे की ही पोथी आम्ही मूर्तिपूजकांच्या सैन्याकडून शुद्ध सोने मोजून सोडवली, कारण ती त्यांच्या हाती आणखी राहावी हे आम्हाला सहन झाले नाही. पोथीला सोडवणारे भेटले.

लिंडिसफार्नहून त्या जूनमध्ये चांदीबरोबर काही मुलेही नेली होती, मठात शिकणारी. बिशप हिगबाल्डला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी अल्क्विन त्यांच्याविषयी बोलतो. राजा चार्ल्स (म्हणजे शार्लमेन) शत्रूंना जिंकून घरी परतला की मी त्याच्याकडे जाईन, आणि मूर्तिपूजकांनी पकडून नेलेल्या त्या मुलांसाठी काही करता आले तर ते करीन, असे त्याने लिहिले आहे.